निपाणीहून लंडनची वाट

निपाणी गावातून अर्जुननगरला पायी गेले तरी फार वेळ लागत नाही. घरे विरळ होतात न होतात तोच देवचंद महाविद्यालयाची इमारत दिसू लागते. एवढ्या थोडक्या वाटेत माणूस एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरलेला असतो. निपाणी बेळगाव जिल्ह्यातली, म्हणून कर्नाटकातली. अर्जुननगर कागल तालुक्यातले, म्हणून महाराष्ट्रातले. आमची मुले कर्नाटकात चहा पिऊन निघतात, महाराष्ट्रात तास ऐकतात आणि दुपारी जेवायला पुन्हा कर्नाटकात येतात. रस्त्याला याची काही खबर नसते. खबर असते ती कागदांना. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला कानडीत, पदवीचे प्रमाणपत्र कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. एकाच मुलाची दोन राज्यांत दोन बाडे तयार होतात आणि पुढे कधी तरी ती एकत्र बांधण्याची वेळ येते.

तशी वेळ गेल्या मार्गशीर्षात आली, आणि ते बाड बगलेत मारून मी तीन दिवस हिंडलो. मी एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक. माझा पगार कर्नाटक सरकारचा आणि माझी भाषा मराठी, त्यामुळे दोन्हींकडचे कागद वाचता येतात, हीच काय ती माझी विद्वत्ता. आमच्या शाळेतून गेलेली एक मुलगी अर्जुननगरला अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली, कोल्हापूरला एम. ए. झाली, आणि आता उत्तर इंग्लंडातील एका विद्यापीठाने तिला एक वर्षाच्या अभ्यासक्रमास प्रवेश दिला आहे. वडील नाहीत. आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन हजार विड्यांचा हिशेब पुरा करता करता ज्या घरात दिवस मावळतो, त्या घरात त्या विद्यापीठाचे माहितीपत्रक येऊन पडले होते. गुळगुळीत कागद, हिरवळीवर बसलेली मुले, आरंभी विद्यापीठाच्या बातम्या, मग प्राध्यापकांची माहिती, मग अभ्यासक्रमांची लांबलचक यादी. अगदी शेवटी, बारीक टाइपात, फी. परदेशी विद्यार्थ्यास वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या आसपास. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर गेलेला, तेव्हा पंचवीस लाख ही नुसती शिकवणी झाली. राहणे, खाणे, विमान आणि व्हिसा निराळे.

आईने फी विचारली नाही. तिने विचारले, "सर, तितं गेलेली परत येत्यात न्हवं?"

या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नव्हते. ते आपल्याच मुलखात शोधावे असे मनाशी म्हणत मी निघालो. मी स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. माझे इंग्लंड म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'तले. तेही एके काळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवीत असत, एवढाच माझा त्यांच्याशी जवळचा संबंध. पण आमच्या टापूतून विलायतेच्या विद्यापीठांकडे गेलेल्या माणसांच्या खुणा बसच्या तिकिटात पाहून होतात.

पहिला मुक्काम कोल्हापूर. विद्यापीठातून गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती घ्यावयाच्या होत्या. अर्ज देऊन झाला आणि दुपार मोकळी मिळाली. दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, आणि त्याच्या आसपास त्यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली विद्यार्थी वसतिगृहे आहेत. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृह उभे करण्याचा सपाटा लावला. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत. लिंगायत वसतिगृहातल्या कित्येक मुलांची घरची भाषा कानडी असणार. त्यावरून महाराजांनी कोणाची शिदोरी कमी केल्याचे ऐकिवात नाही. करवीर संस्थानाला सीमाप्रश्न नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो सोडून देऊ.

याच महाराजांनी २१ व २२ मार्च १९२० रोजी हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे भरलेल्या परिषदेला हजर राहून, अध्यक्षस्थानी असलेल्या एका तरुण प्राध्यापकाच्या रूपाने तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे लोकांना सांगितले. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या वेळी त्यांचे लंडनचे शिक्षण अर्धवट राहिलेले होते. ही हकीकत आपण सारे जाणतो, तरी तिच्यातला पैशांचा भाग सहसा कोणी नीट सांगत नाही, म्हणून येथे सांगतो.

१९१३ साली ते अमेरिकेस गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास आटोपून १९१६ मध्ये ते लंडनला आले. तेथील अर्थशास्त्राच्या प्रसिद्ध शाळेत, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. ही शाळा १८९५ ची, आणि १९०० पासून लंडन विद्यापीठाचा भाग झालेली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. सामानाबरोबर न आणता वेगळी पाठविलेली पुस्तके पाणतीराने बोट बुडाल्यामुळे समुद्रात गेली. कराराप्रमाणे बडोद्यास गेले, तर त्या परदेशी शिकून आलेल्या अधिकाऱ्याला गावात राहावयास खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी वसतिगृहात उतरले, तेथूनही हुसकावून लावण्यात आले. परत येणे म्हणजे काय असते, याचा हा एक अर्थ.

मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा शिल्लक टाकला, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन ठिकाणचे पैसे जुळले तेव्हा एका माणसाचे शिक्षण झाले. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत जावयाचे आणि ते बंद होताना बाहेर पडावयाचे, मध्ये जेवणाला फाटा, असा त्यांचा क्रम होता. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत केला. तो दुरुस्त करून मुंबईहून पाठविला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. प्रबंधाच्या पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची आहे, आणि शिष्याची मते आपल्याला पटत नाहीत हे त्यांनी त्या प्रस्तावनेत उघडपणे लिहिले आहे. मला या सगळ्या हकीकतीत हे फार आवडते. मत न पटताही प्रबंधाचे मोल जाणणारा मास्तर जेथे असतो, त्या जागेला विद्यापीठ म्हणावे. शाहू महाराज मात्र ही पदवी पाहावयास राहिले नाहीत; मे १९२२ मध्ये ते गेले.

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे घर, ज्यात १९२१–२२ मध्ये त्यांचे वास्तव्य होते, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. आमच्या निपाणीत त्यांच्या नावाचे तसे घर नाही, पण निपाणीला एक आठवण आहे. डी. एस्सी. होऊन दोन वर्षेही झाली नव्हती तोच, एप्रिल १९२५ मध्ये, मुंबई इलाख्याच्या प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली निपाणीस भरले. लंडन विद्यापीठातून निघालेली वाट अशी सरळ आमच्या गावात येऊन पोचलेली आहे. ज्या मुलीसाठी मी हिंडत होतो, तिच्या पणजोबांनी ती परिषद मांडवाच्या कडेला उभे राहून पाहिली असे त्यांच्या घरात सांगतात. तारीख कोणाला सांगता येत नाही, मांडव मात्र सर्वांना आठवतो.

कोल्हापूर सोडण्यापूर्वी दुसऱ्या एका विद्यापीठाची आठवण काढावयास हवी. केंब्रिजमध्ये गणिताच्या शेवटच्या परीक्षेत जे पहिल्या वर्गात येतात त्यांना रँग्लर म्हणतात. १९०९ पर्यंत त्यांचे क्रमांक जाहीर होत, आणि पहिल्या क्रमांकाचा तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथराव परांजपे १८९९ मध्ये हा मान मिळविणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हापासून आपल्याकडे रँग्लर हे जणू माणसाचे पाळण्यातले नावच झाले. कोल्हापुरात एका घरात हे बिरुद पिढीजात आले. विष्णु वासुदेव नारळीकर कोल्हापूरचे, केंब्रिजचे रँग्लर, पुढे काशी हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. त्यांचे पुत्र जयंत १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मले, काशीत वाढले आणि १९५७ मध्ये केंब्रिजला गेले. जयंतरावांचे मामा वसंत शंकर हुजूरबाजार, तेही कोल्हापूरचे, संख्याशास्त्रज्ञ. केंब्रिजचे अ‍ॅडम्स पारितोषिक मामांना १९६० मध्ये मिळाले आणि भाच्याला १९६७ मध्ये. मामाच्या गावाला जाण्याचे महत्त्व आपल्या बालगीतांत पुष्कळ आहे, पण इतके नसावे. जयंतराव फ्रेड हॉइल यांच्यापाशी पीएच. डी. झाले, किंग्ज कॉलेजचे फेलो झाले, आणि १९७२ मध्ये सारे सोडून मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे पुण्याची आयुका उभी केली आणि मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा आमच्या शाळेत परिपाठाला एका मुलाने त्यांच्याविषयी चार वाक्ये म्हटली होती.

दुसऱ्या दिवशी कोगनोळीचा नाका ओलांडून परत आलो. सीमेवर वातावरण तापले की कोल्हापूरची एस. टी. आणि बेळगावची गाडी, दोन्ही या नाक्याच्या अलीकडे-पलीकडे अडतात; डिसेंबर २०२२ मध्ये तसेच झाले होते. या खेपेस शांतता होती. निपाणीस न थांबता संकेश्वर गाठले, आणि तेथून बेळगावचा सरळ रस्ता सोडून हुक्केरी, घटप्रभा असे करीत गोकाकला गेलो. बाडातल्या कागदांना या फेऱ्याची गरज नव्हती. गरज माझी होती. गोकाक तालुक्यातले ममदापूर हे गाव पाहावयाचे पुष्कळ दिवस मनात होते.

गोकाकचा धबधबा मार्गशीर्षात अंगाने रोडावलेला असतो. घटप्रभेचे पाणी कातळावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे उतरत होते, झुलता पूल वाऱ्याने किंचित हलत होता, आणि पलीकडे जुन्या सूतगिरणीच्या दगडी भिंती उभ्या होत्या. गावात करदंटाच्या दुकानांसमोरून जाताना सुकामेवा आणि गुळाचा वास येतो. तेथून टमटमने ममदापूर. दोन्ही बाजूंना काळी जमीन, उसाने भरलेले ट्रॅक्टर, आणि ड्रायव्हरची कानडी इतकी ठसकेबाज की माझी पुस्तकी कानडी तिच्यापुढे ओशाळली.

ममदापूरला काय पाहिले असे कोणी विचारील तर सांगण्यासारखे थोडेच आहे. चारचौघांसारखे गाव. चहाच्या टपरीवर एक निवृत्त कानडी शिक्षक भेटले. मी पावट्यांचे गाव पाहावयास निपाणीहून आलो हे ऐकून त्यांनी माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. डी. सी. पावटे १८९९ मध्ये या गावात जन्मले. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात जाऊन रँग्लर झाले. पुढे मुंबई राज्याचे शिक्षण संचालक, १९५४ ते १९६७ धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू, त्यानंतर पंजाबचे राज्यपाल. माझ्या वर्गात हे आडनाव उच्चारले की मुले फिदीफिदी हसतात, आणि मागोमाग रँग्लर म्हटले की गप्प होतात. आमच्या मराठी शाळांत परांजपे ठाऊक असतात, नारळीकर ठाऊक असतात, आणि जिल्ह्यातला रँग्लर ठाऊक नसतो. कानडी शाळांत याच्या उलट. एका आवारात दोन शाळा आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन निराळे केंब्रिज, हा आमच्या भांडणाचा एक लहानसा खर्च आहे. तो कोणत्याही आयोगाच्या अहवालात मांडलेला नाही. मला तो मांडावासा वाटतो.

पावटे परत आले, हे तर खरेच. पण त्यांनी येण्याजाण्याची वाटही मोकळी ठेवली. त्यांच्या नावाने कर्नाटकातील तरुण अभ्यासकांना त्याच सिडनी ससेक्स कॉलेजात काही काळ राहून अभ्यास करण्याची सोय झालेली आहे. तो कानडी शिक्षक मला म्हणाला, तुमच्या मुलीला याचा उपयोग होईल का? मी म्हटले, ती अजून लहान आहे, ही सोय पुढच्या पायरीवरची. पण नाव लिहून घेतो. त्याने माझ्या वहीत ते कानडीत लिहून दिले.

एक गंमत जाता जाता सांगतो. आपली मुले तिकडे जाऊ लागली त्याच काळात तिकडची मंडळी मराठी शिकू लागली होती. लंडनची प्राच्यविद्येची शाळा १९१७ मध्ये सुरू झाली. तेथील एच. एम. लँबर्ट यांनी मराठी शिकविण्याचा क्रम पुस्तकरूपाने १९४३ मध्ये आणला. पुढे इयन रेसाइड यांनी तेथेच मराठी शिकविली, आपल्या कथा इंग्रजीत नेल्या, पानिपताच्या बखरी इंग्रजीत आणल्या. लंडनमध्ये बसून बखरीतली मोडी वळणाची वाक्ये सोडविणाऱ्या त्या गोऱ्या माणसाचे नाव मी आठवीच्या मुलांना सांगतो. मराठी शिकून पोट भरत नाही म्हणणाऱ्या पालकांनाही सांगतो. पालकांवर विशेष परिणाम होत नाही.

तिसरा दिवस बेळगावचा. मुलगी निपाणीहून थेट आली होती. तिने शिष्यवृत्त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा चोख केला होता. महाराष्ट्र शासनाची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, तिला नाव राजर्षी शाहू महाराजांचे. पण ती महाराष्ट्रातील अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. हिच्या पदव्या महाराष्ट्राच्या, जातीचा दाखला कर्नाटकाचा. कर्नाटकाची 'प्रबुद्ध' नावाची योजना आहे, ती अनुसूचित जाती-जमातींसाठी. तिसरी केंद्र सरकारची, राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. हिच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला, आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतासंबंधीचे समाजशास्त्रीय विषय वगळण्यात आले. मुलीला अभ्यास करावयाचा आहे तो विडी कामगार बायकांच्या मजुरीचा आणि तंबाखूच्या धुळीने होणाऱ्या आजारांचा. आईच्या मांडीवरच्या सुपातला विषय इंग्लंडात मांडावयाचा, तर तो अर्थशास्त्र ठरेल की समाजशास्त्र, यावर तिचा प्रवास अवलंबून. मी तिला सांगितले, विषय बदलू नकोस, शीर्षक श्रमाच्या अर्थशास्त्राचे ठेव. तिने आधीच तसे केले होते.

मी बँकेच्या कर्जाविषयी काढले, तेव्हा तिने वहीत मांडलेला हिशेब दाखविला. पंचवीस-तीस लाखांचे कर्ज निपाणीतल्या किंवा कोल्हापुरातल्या प्राध्यापकीच्या पगारातून फिटावयाचे नाही. ते पौंडांतच फेडावे लागेल. शिक्षण संपल्यावर तेथे काम करता येते. २०२१ पासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळू लागली, आणि ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ब्रिटिश सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. मुदतीत चांगली नोकरी लागली तर ती तिकडेच धरून बसावयाची, न लागली तर कर्ज डोक्यावर घेऊन यावयाचे. "म्हणजे सर, शिष्यवृत्ती मिळाली तरच मला परत येता येईल," ती म्हणाली. तिच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मी तीन दिवस मोठ्या माणसांच्या चरित्रांत शोधत होतो. मुलीने ते आकड्यांत काढून ठेवले होते. बडोद्याचे साडेअकरा पौंड, भथेनांचे पाच हजार, शाहू महाराजांचे साहाय्य, यांत पौंडांतच फेडावे लागेल असे बँकेचे कर्ज नव्हते. म्हणून लंडनचा डॉक्टर दोन वर्षांच्या आत निपाणीच्या मांडवात येऊन उभा राहू शकला.

एका कचेरीत मात्र आमचे बाड अडले. दाखल्यावर तिच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग कानडी उच्चारावरून केलेले, पदवीवर मराठी उच्चारावरून; एक 'ए' अधिक. खिडकीवरच्या गृहस्थाने ही दोन माणसे आहेत असे मत दिले आणि पलीकडच्या राज्यातून दुरुस्ती करून आणा म्हणून सांगितले. दोन तास गेले. शेवटी मागच्या टेबलावरचे एक वयस्क कानडी कारकून उठून आले, शपथपत्राचा नमुना काढून दिला, वकिलाकडे कोणत्या जिन्याने जावयाचे तेही सांगितले, आणि मुलगी कोठे चालली आहे असे विचारले. तिने विद्यापीठाचे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले.

अर्ज दोन्हीकडे गेले आहेत. निकाल उन्हाळ्यात लागतील. विद्यापीठातली जागा राखून ठेवावयाची तर अनामत रक्कम त्याआधीच भरावी लागते. ती जमविण्याचे काम शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले आहे. आजवर जमलेल्या यादीत गडहिंग्लजचे तिघे आहेत, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीतले दोन मुकादम आहेत, आणि मराठीचे एक अक्षर वाचता न येणारा संकेश्वरचा एक व्यापारी आहे.